जॉन माँटगोमरी वॉर्ड

जॉन माँटगोमरी वॉर्ड (३ मार्च १८६० - ४ मार्च १९२५) हे अमेरिकेतील एकोणिसाव्या शतकातले प्रसिद्ध बेसबॉलपटू, वकील आणि व्यावसायिक खेळाडूंच्या पहिल्या संघटनेचे प्रवर्तक होते. त्यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील बेलफाँट येथे झाला. किशोरवयातच आईवडिलांचे छत्र हरपले. महाविद्यालय अर्धवट सोडून ते व्यावसायिक बेसबॉलकडे वळले आणि १८७८ साली प्रॉव्हिडन्स ग्रेज संघात पिचर म्हणून दाखल झाले. पुढच्याच वर्षी या संघाने नॅशनल लीगचे विजेतेपद मिळवले. त्या हंगामात एकट्या वॉर्ड यांच्या नावावर ४७ विजय होते.

१७ जून १८८० रोजी बफेलोविरुद्ध त्यांनी 'परिपूर्ण सामना' टाकला. प्रतिस्पर्ध्यांचे २७ फलंदाज ओळीने बाद झाले. एकालाही पहिल्या बेसवर पोहोचता आले नाही. पाचच दिवसांपूर्वी ली रिचमंड यांनी असा पहिला सामना टाकला होता. नॅशनल लीगमध्ये त्यानंतरचा परिपूर्ण सामना पाहायला मात्र ८४ वर्षे जावी लागली. १७ ऑगस्ट १८८२ चा डेट्रॉइटविरुद्धचा सामनाही तितकाच संस्मरणीय आहे. १८ डाव चाललेल्या या लढतीत वॉर्ड यांनी शेवटपर्यंत एकही धाव दिली नाही आणि रॅडबोर्न यांच्या होमरनमुळे प्रॉव्हिडन्सने १-० असा विजय मिळवला. या अतिश्रमाची किंमत हाताला मोजावी लागली. पुढे न्यूयॉर्क संघात त्यांना पिचरची जागा सोडावी लागली. पण हार न मानता ते उत्तम शॉर्टस्टॉप बनले.

खेळत असतानाच त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून १८८५ साली कायद्याची पदवी घेतली. त्याच वर्षी 'ब्रदरहूड ऑफ प्रोफेशनल बेसबॉल प्लेयर्स' ही संघटना स्थापन होऊन ते तिचे अध्यक्ष झाले. वादाचे मूळ होते 'राखीव कलम'. १८७९ साली संघमालकांनी प्रत्येकी पाच खेळाडू आपल्यासाठी राखून ठेवण्याचा आपसांत करार केला. पुढे जवळजवळ संपूर्ण संघच त्यात आला. करार संपला तरी राखीव खेळाडूला दुसरा संघ घेऊ शकत नसे, मालकाला मात्र दहा दिवसांच्या सूचनेवर त्याला काढून टाकता येई. १८८७ मधील एका गाजलेल्या लेखात वॉर्ड यांनी या पद्धतीची तुलना पळालेल्या गुलामांना धरून आणणाऱ्या कायद्याशी केली. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम बावीस वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या तुलनेची धार कळते.

१८८८ च्या अखेरीस वॉर्ड जगाच्या दौऱ्यावर निघाले असताना मालकांनी खेळाडूंचे पाच वर्ग पाडून वेतन १५०० ते २५०० डॉलरमध्ये बांधून टाकले. वर्ग ठरवताना मैदानाबाहेरचे वर्तनही पाहिले जाणार होते. ऑस्ट्रेलिया, श्रीलंका, इजिप्त असा प्रवास करत दौरा इंग्लंडला पोहोचला, तेव्हा वॉर्ड तो अर्धवट सोडून मायदेशी परतले. वाटाघाटी निष्फळ ठरल्यावर खेळाडूंनी १८९० साली स्वतःची आठ संघांची 'प्लेयर्स लीग' उभारली. न्यूयॉर्क संघाच्या मालकांनी वॉर्ड यांना रोखण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. परंतु हा करार एकतर्फी असल्याचे सांगून न्यायमूर्ती ओब्रायन यांनी मनाईहुकूम नाकारला.

नव्या लीगला नॅशनल लीगपेक्षा अधिक प्रेक्षक लाभले, तरी तोटा दोन्हीकडे झाला. प्लेयर्स लीगला पैसा पुरवणारे भांडवलदार धास्तावले आणि अल्बर्ट स्पॉल्डिंग यांच्या नेतृत्वाखालील जुन्या मालकांशी त्यांनी परस्पर तडजोड केली. ज्यांच्या जिवावर लीग चालली त्या खेळाडूंच्या प्रतिनिधींना बैठकीत बसूही दिले गेले नाही. लीग एकाच हंगामात बंद पडली. राखीव कलम त्यानंतर १९७५ पर्यंत टिकले.

वॉर्ड यांनी पुढे ब्रुकलिन व न्यूयॉर्क संघांचे नेतृत्व केले आणि १८९४ मध्ये न्यूयॉर्कला टेंपल कप जिंकून देऊन ते निवृत्त झाले. वकिली करताना त्यांनी अनेकदा खेळाडूंची बाजू मांडली. १९११-१२ मध्ये मात्र ते स्वतःच बॉस्टन संघाचे एक मालक व अध्यक्ष होते. जॉर्जियातील ऑगस्टा येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. पिचर म्हणून १६४ विजय आणि फलंदाज म्हणून दोन हजारांहून अधिक हिट्स अशी त्यांची कामगिरी आहे. १९६४ मध्ये त्यांचा बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. तेथील फलकावर परिपूर्ण सामन्याची नोंद आहे. खेळाडूंच्या संघटनेचा उल्लेख नाही.