कोटुलाचे मास्तर

लिंडन जॉन्सन हे नाव आमच्या घरांत निघे ते दोनच कारणांनी: व्हिएतनामचे युद्ध आणि रेशनवरचा पीएल-४८० चा गहू. १९६५ ते ६७ च्या दुष्काळात हा माणूस आपल्याला गहू जहाजागणिक मोजून देत होता. ते कधीकाळी शाळामास्तर होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ चा, टेक्सासमधला. सॅन मार्कोसच्या अध्यापक महाविद्यालयात शिकताना पैशांची ओढाताण झाली, म्हणून १९२८ मध्ये शिक्षण वर्षभर थांबवून त्यांनी नोकरी धरली. गाव कोटुला, मेक्सिकोच्या सरहद्दीपासून शंभरेक किलोमीटरवर. तिथली वेल्हाउसेन शाळा मेक्सिकन वंशाच्या मुलांची. गोऱ्यांची मुले वेगळ्या शाळेत जात. विशीतल्या या मास्तरांकडे पाचवी ते सातवीचे वर्ग आले आणि मुख्याध्यापकीही.

मुले गरिबांची, कित्येक सकाळी उपाशीच येत. खेळायला शाळेत काही नव्हते. जॉन्सन यांनी पहिला पगार खेळाच्या साहित्यावर घातला. शिकायला पैसे साठवण्यासाठी आलेल्या तरुणाने हे करावे, याचे आम्हा बँकवाल्यांना विशेष वाटते. त्यांनी वादविवाद सुरू केले, दुसऱ्या शाळांशी सामने ठरवले. शाळेच्या शिपायालाही पुस्तक आणून देऊन इंग्रजी शिकवले.

पण शाळेत, अगदी मैदानावरही, स्पॅनिश बोलायला मनाई होती, आणि बोलणाऱ्या मुलाला मास्तरांचा मार बसे. इंग्रजी आली तरच या मुलांचे भले होईल, अशी त्यांची समजूत. आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे वाचून चटका बसतो. ज्याच्या मायेबद्दल शंका नाही, त्यानेच मुलांची घरची भाषा तोंडातून काढून घ्यावी!

१९३७ मध्ये ते संसदेत गेले. पुढची वीस वर्षे नागरी हक्कांच्या विधेयकांवर त्यांचे मत दक्षिणेतल्या गोऱ्यांच्याच बाजूने पडत राहिले, हे लपवण्यात अर्थ नाही. कोटुला तेव्हा कुठे होते, कोण जाणे. १९५७ मध्ये वारे फिरले आणि नागरी हक्कांचा कायदा सिनेटमधून त्यांनीच पार पाडला.

केनेडींच्या हत्येनंतर ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा केला. १५ मार्च १९६५ च्या रात्री, काळ्या नागरिकांच्या मतदानहक्काचा कायदा मागताना, त्यांनी संसदेपुढे कोटुलाच्या त्या भुकेल्या मुलांची आठवण काढली. महिन्याभरात शिक्षणाचा कायदा आला. गरीब मुलांच्या शाळांसाठी वर्षाला एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम! त्यावर सही करायला ते आपल्या लहानपणच्या शाळेत गेले आणि पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवले.

नोव्हेंबर १९६६ मध्ये ते कोटुलाला परत गेले. जुने विद्यार्थी भेटले, आता मुलाबाळांचे झालेले. २२ जानेवारी १९७३ रोजी जॉन्सन आपल्या शेतावरच्या घरी वारले.