विजय हजारे : धावांचा डोंगर आणि संघाचा हिशेब

धाराशिव जिल्ह्याने महाराष्ट्राला खो-खोचे अनेक गुणी खेळाडू दिले. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्यातली. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. या खेळाचा एक साधा नियम आहे. धावणाऱ्याने योग्य क्षणी खो द्यायचा, स्वतः खाली बसायचे आणि गडी टिपण्याची संधी दुसऱ्याच्या हाती सोपवायची. वैयक्तिक पराक्रमाची हाव इथे संघालाच महागात पडते. क्रिकेटचे तसे नाही. तिथे एक फलंदाज दिवसभर खेळत राहू शकतो आणि त्याचा संघ मात्र हरू शकतो. सांगलीचे सुपुत्र विजय सॅम्युअल हजारे यांची कारकीर्द या विसंगतीचे ठळक उदाहरण आहे.

११ मार्च १९१५ रोजी सांगलीत एका ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी हजारे यांचा जन्म झाला. ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना तरुणपणी लाभले. तंत्र अचूक, स्वभाव अबोल आणि चिकाटी अफाट. १९३९-४० च्या मोसमात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा करून त्यांनी आपले नाव देशभर पोहोचवले. पुढे बडोदा हीच त्यांची कर्मभूमी झाली.

१९४३ च्या अखेरीस मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी सामने रंगले. स्पर्धेतील सर्वोच्च खेळीचा मान तेव्हा विजय मर्चंट यांच्या नाबाद २४३ धावांकडे होता. शेष संघाकडून मुस्लिम संघाविरुद्ध हजारे यांनी २४८ धावा काढून तो आपल्याकडे घेतला. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी हिंदू संघासाठी नाबाद २५० धावा करून त्याची परतफेड केली. हजारे यांचे उत्तर थक्क करणारे होते. फॉलोऑन मिळालेल्या शेष संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या होत्या. धाकटा भाऊ विवेक याच्यासह त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली. त्यात विवेकचा वाटा होता अवघा २१ धावांचा. एवढे करूनही शेष संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला.

जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला तेच घडले. लिंडवॉल आणि मिलर यांच्या माऱ्यासमोर हजारे यांनी ११६ व १४५ धावा केल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय. भारताचा मात्र डावाने पराभव झाला. या दोन्ही प्रसंगी त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल.

खरा प्रश्न उभा राहिला तो नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीत. भारताने तोवर एकही कसोटी जिंकली नव्हती. इंग्लंडचा पहिला डाव २०३ धावांत आटोपला, सदू शिंदे यांनी सहा बळी घेतले आणि विजयाची वाट खुली झाली. मर्चंट यांनी १५४ धावा काढून भारतीयाच्या सर्वोच्च कसोटी खेळीचा हजारे यांचा विक्रम मोडला. कर्णधार असलेल्या हजारे यांनी त्याच डावात नाबाद १६४ धावा करून तो पुन्हा मिळवला. पण या खेळीला आठ तासांहून अधिक वेळ लागला. सहा बाद ४१८ वर डाव घोषित झाला, तेव्हा इंग्लंडला बाद करण्यासाठी वेळ अपुरा उरला होता. ॲलन वॉटकिन्स यांनी चिवट शतक ठोकून सामना अनिर्णित राखला. विक्रम झाला, विजय निसटला. संघाला वेगाची गरज असताना दोन महान फलंदाज आपापल्या धावा मोजत राहिले, हा आक्षेप तेव्हापासून पुसला गेलेला नाही.

तो सर्वस्वी खरा मानावा का? पराभव टाळणे हेच ज्या काळात यश समजले जाई, त्या काळाने हजारे यांना घडवले होते. विकेट सांभाळणे हीच संघाची सेवा, अशी त्यांची धारणा असावी. जून १९५२ मध्ये लीड्स येथे दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्यावर बाद झाले, तेव्हा दत्तू फडकर यांच्यासह शतकी भागीदारी करून संघाची लाज राखली ती याच चिकाटीने. बचाव हा त्यांचा गुण होता. जिथे आक्रमण हवे तिथे तोच उणिवेत बदलला.

त्याआधी, फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली. कर्णधार हजारेच होते, पण शतके पंकज रॉय आणि पॉली उमरीगर यांची होती, तर विनू मांकड यांनी बारा बळी घेतले. कर्णधाराच्या मोठ्या खेळीविना संघ डावाने जिंकला, हा योगायोग पुष्कळ काही सांगून जातो.

३० कसोटींत २,१९२ धावा आणि सात शतके करणाऱ्या हजारे यांना १९६० मध्ये पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या नावाचा करंडक मर्यादित षटकांच्या स्पर्धेसाठी दिला जातो. चेंडू आणि वेळ यांचा हिशेब जिथे क्षणोक्षणी ठेवावा लागतो, त्याच खेळाला त्यांचे नाव लाभावे, यात नियतीचा मिश्कीलपणा आहे.