कार्व्हरची गाडी आमच्या वस्तीवर कधी येणार?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. त्या मुक्तीच्या तोंडावर, १८६४ च्या सुमारास, मिसुरी राज्यातील डायमंड गावाजवळ एका गोऱ्या शेतकऱ्याच्या घरी एक काळे मूल गुलाम म्हणून जन्मले. तेच पुढे कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर म्हणून जगाला माहीत झाले.

वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे मराठी माणूस त्यांना ओळखतो. पण भुईमुगापासून शेकडो वस्तू बनवणारा किमयागार एवढीच ती ओळख. आम्हाला मात्र त्यांच्या प्रयोगशाळेपेक्षा त्यांची गाडी मोठी वाटते.

तान्हेपणीच दरोडेखोरांनी आईसह पळवून नेले. मूल परत मिळाले, आई कधीच मिळाली नाही. शिक्षणासाठी पोर लहान वयातच घराबाहेर पडले, लोकांचे कपडे धुऊन शिकले. कॅन्ससमधील एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि काळी कातडी पाहताच दारातून परत पाठवले. आमच्या वाचकांना हा अपमान समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही आयोवाच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी १८९४ साली पदवी आणि १८९६ साली पदव्युत्तर पदवी मिळवली. तिथले ते पहिले काळे विद्यार्थी आणि पहिले काळे अध्यापक.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामातील टस्कीगी संस्थेत बोलावले. प्रतिष्ठेची जागा सोडून कार्व्हर आपल्या माणसांत आले. तिथे काय होते? गुलामगिरी गेली होती, पण जमीन गोऱ्या मालकाचीच होती. काळा माणूस वाटेकरी म्हणून राबायचा, बियाणे आणि धान्य उधारीवर घ्यायचा आणि हंगाम संपला तरी कर्जातच राहायचा. मालकाला हवा फक्त कापूस. त्या कापसाने मातीही नागवली होती.

कार्व्हर यांनी या माणसाला विकतचा उपाय सांगितला नाही, कारण त्याच्या खिशात पैसाच नव्हता. रानातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ खत म्हणून वापरा, कापसानंतर चवळी-भुईमूग घ्या, रताळी लावा, घरापाशी भाजीपाला करा, हे त्यांनी संस्थेच्या निकस जमिनीवर आधी करून दाखवले. चाळीसहून अधिक पुस्तिका सोप्या भाषेत काढल्या.

पण ज्याला वाचता येत नाही आणि टस्कीगीपर्यंत येणे परवडत नाही, त्याचे काय? म्हणून १९०६ साली मॉरिस जेसप या धनिकाच्या देणगीतून, कार्व्हर यांच्या आराखड्याप्रमाणे एक गाडी तयार झाली. नांगर, बियाणे, लोणी काढायचे यंत्र घेऊन ही शाळाच शेतकऱ्याच्या बांधावर जाऊ लागली. टस्कीगीत शिकलेला थॉमस कॅम्पबेल हा काळा तरुण ती चालवू लागला. शिकवणारा आपलाच होता, म्हणून विश्वासही बसला.

कार्व्हर १९४३ साली वारले, आयुष्याची बचत संशोधनासाठी देऊन गेले. त्यांची मर्यादाही आम्ही लपवत नाही. ते राजकारणापासून दूर राहिले, जमीन कोणाची हा प्रश्न त्यांनी मालकाला विचारला नाही. त्यामुळे सुधारलेल्या मातीचा मोठा वाटा मालकाकडेच गेला.

तो प्रश्न बाबासाहेबांनी विचारला. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये १९४७ साली त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातिभेद न मानता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी, असे मांडले. एवढ्यावर न थांबता पाणी, जनावरे, अवजारे, खत आणि बियाणेही राज्यानेच पुरवावे, असे सांगितले. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. आज त्यांच्याच नावाच्या योजनेत भूमिहीनाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची तरतूद आहे.

पण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात मजुरी केलेल्या माणसाच्या हाती सातबारा दिला की तो शेतकरी होतो काय? कोणते पीक, कोणते खत, पहिल्या दोन हंगामांचे भांडवल कोठून, हे त्याला बांधावर येऊन कोण सांगणार? ज्ञान आहे पण जमीन नाही, ही कार्व्हरच्या माणसांची शोकांतिका होती. जमीन आहे पण ज्ञान आणि साधन नाही, ही आमची होऊ नये. कृषी पदवी घेतलेली आमची मुले-मुली आज गावोगाव आहेत. सरकारकडे हक्क जरूर मागू, पण तोवर गाडी जुंपायला आमची हरकत कोणती?