कॅरोलाइन नॉर्टन

कॅरोलाइन एलिझाबेथ सारा नॉर्टन (२२ मार्च, १८०८ – १५ जून, १८७७) या इंग्लिश कवयित्री, कादंबरीकार आणि विवाहित स्त्रियांच्या कायदेशीर हक्कांसाठी लढणाऱ्या लेखिका होत. नाटककार रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन हे त्यांचे आजोबा.

विवाह व खटला

१८२७ मध्ये त्यांचा विवाह बॅरिस्टर व संसद सदस्य जॉर्ज नॉर्टन यांच्याशी झाला. त्यांना तीन मुलगे झाले. पतीची मिळकत अपुरी असल्याने घरखर्चाचा मोठा भार कॅरोलाइन यांच्या लेखनावर होता. पतीच्या मारहाणीमुळे त्या अनेकदा माहेरी गेल्या आणि परतल्या. १८३६ मध्ये जॉर्ज यांनी मुलांना त्यांच्यापासून दूर केले आणि पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवून १०,००० पौंड भरपाईचा दावा लावला. अशा दाव्यात पत्नी पक्षकार नसे व तिला साक्षही देता येत नसे. ज्यूरीने मेलबर्न यांना निर्दोष ठरवले.

घटस्फोटाचा खर्च

तत्कालीन इंग्लंडमध्ये पुनर्विवाहाची मुभा देणाऱ्या घटस्फोटासाठी संसदेत खासगी कायदा मंजूर करून घ्यावा लागे. त्याआधी पतीला सामान्यतः धर्मन्यायालयातून विभक्ततेचा हुकूम व पत्नीच्या प्रियकराविरुद्ध भरपाईचा निकाल मिळवावा लागे. या तिन्ही पायऱ्यांवर मिळून शेकडो पौंड खर्च होत. त्यामुळे १६७० ते १८५७ या काळात तीनशेहून थोडे अधिक घटस्फोट झाले. त्यांपैकी केवळ चार स्त्रियांना मिळाले.

कॅरोलाइन यांना हा मार्ग बंदच होता. छळानंतर पतीकडे परतणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने क्षमा होती. विवाहितेची मिळकत पतीची मानली जात असल्याने त्यांच्या पुस्तकांच्या मानधनावरही जॉर्ज यांचा हक्क होता. १८४८ मध्ये जॉर्ज यांनी वार्षिक ५०० पौंड देण्याचा लेखी करार केला. पुढे कॅरोलाइन यांना आईकडून वारसा मिळताच त्यांनी ती रक्कम देण्याचे नाकारले. पत्नी पतीशी करार करू शकत नसल्याने तो करार निरर्थक ठरला. तेव्हा कॅरोलाइन यांनी आपली देणी पतीच्या नावावर टाकली. पत्नीच्या आवश्यक खर्चाची जबाबदारी पतीवर असे. १८५३ मध्ये घोडागाडीच्या दुरुस्तीच्या बिलावरून हा वाद न्यायालयात गेला.

कायद्यांवरील प्रभाव

त्यांच्या पत्रकांमुळे १८३९ च्या बालकांच्या ताब्याविषयीच्या कायद्याला बळ मिळाले. त्यानुसार सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी मातेला अर्ज करता येऊ लागला. मात्र जॉर्ज यांनी मुलांना स्कॉटलंडमध्ये, म्हणजे इंग्लिश न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले होते. धाकटा मुलगा विल्यम १८४२ मध्ये अपघाताने मरण पावला.

१८५५ मध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाला उद्देशून पत्रक प्रसिद्ध केले. १८५७ च्या कायद्याने घटस्फोट संसदेकडून दिवाणी न्यायालयाकडे आला. परित्यक्तेच्या मिळकतीला संरक्षण आणि विभक्त पत्नीला करार करण्याचा व दावा लावण्याचा अधिकार मिळाला. तरीही पतीला केवळ व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते, तर पत्नीला त्याखेरीज क्रूरता किंवा परित्याग यांसारखे कारणही दाखवावे लागे. न्यायालय लंडनमध्ये असल्याने गरिबांना ते महागच राहिले. भारतातील ख्रिस्ती विवाहांसाठीचा १८६९ चा घटस्फोट कायदा याच धर्तीवर झाला.

अखेर

कॅरोलाइन यांना स्वतःला घटस्फोट कधीच मिळाला नाही. १८७५ मध्ये जॉर्ज यांच्या मृत्यूनेच तो विवाह संपला. मार्च १८७७ मध्ये त्यांनी सर विल्यम स्टर्लिंग-मॅक्सवेल यांच्याशी विवाह केला. त्यानंतर सुमारे साडेतीन महिन्यांनी लंडन येथे त्यांचे निधन झाले.