पर्वतयात्री जॉन म्यूर

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात घोडागाड्यांचे सुटे भाग तयार करणारा एक कारखाना होता. मार्च १८६७ मध्ये तेथे यंत्राचा पट्टा सैल करीत असताना एका तरुण कामगाराच्या हातातील कानस निसटली आणि तिचे टोक त्याच्या उजव्या डोळ्यात शिरले. त्या डोळ्याची दृष्टी गेली. पाठोपाठ डावा डोळाही अंधारला. डोंगर, झाडे, फुले आता पुन्हा दिसणार नाहीत, हे दुःख त्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाला वेदनेहून असह्य झाले. काही आठवडे अंधाऱ्या खोलीत काढल्यावर सुदैवाने दृष्टी परतली. त्याने कारखान्याला कायमचा रामराम ठोकला. या तरुणाचे नाव जॉन म्यूर.

म्यूर यांचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार या गावी झाला. १८४९ मध्ये हे कुटुंब अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे आले. वडील अत्यंत कठोर. शेतीच्या कष्टांत शाळा सुटली. खडकात छिन्नीने सुमारे ९० फूट खोल विहीर खणताना तळाशी साचलेल्या विषारी वायूमुळे त्यांचा जीव जाता जाता वाचला. तरीही हा मुलगा पहाटे उठून पुस्तके वाची आणि लाकडाची घड्याळे बनवी. पुढे विद्यापीठात काही काळ शिकून पदवी न घेताच ते बाहेर पडले.

डोळे बरे होताच, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, केंटकीपासून फ्लोरिडाच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर ते पायी चालत गेले. १८६८ मध्ये ते कॅलिफोर्नियात पोहोचले आणि सिएरा नेवाडा पर्वतातील योसेमिटी दरीने त्यांना कायमचे आपलेसे केले. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात ते मेंढ्यांच्या कळपाबरोबर उंच कुरणांत गेले. मेंढ्या जेथून जात, तेथे फुलझाडाचे नावही उरत नसे, हे त्यांनी तेव्हाच पाहिले.

सोबत थोडी भाकरी आणि चहा घेऊन ते दिवसेंदिवस एकटे हिंडत. ही भटकंती निरुद्देश नव्हती. भूभाग खचून योसेमिटी दरी निर्माण झाली, असे राज्याचे भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांचे मत होते. म्यूर यांना मात्र ग्रॅनाइटच्या खडकांवर बर्फाने घासल्याची झिलई आणि ओरखडे दिसले. दरी हिमनद्यांनी कोरली, असे ते म्हणू लागले, तेव्हा एका मेंढपाळाचे बोलणे म्हणून त्यांची हेटाळणी झाली. १८७१ मध्ये सिएरात जिवंत हिमनदी त्यांनी शोधून काढली. नद्यांचा वाटा त्यांनी कमी लेखला खरा. परंतु हिमनद्यांविषयीचे त्यांचे मुख्य प्रतिपादन पुढील संशोधनाने मान्य केले.

एक न्यून मात्र नजरेआड करता येत नाही. ज्या दऱ्या त्यांना निर्मनुष्य व अस्पर्श वाटल्या, तेथे आदिवासी पिढ्यानुपिढ्या राहत होते. १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने योसेमिटीतील रहिवाशांना हुसकावून लावले होते. आदिवासींविषयी म्यूर यांच्या आरंभीच्या लेखनात अनुदार शब्द आढळतात.

१८८० मध्ये विवाह झाल्यावर त्यांनी काही वर्षे फळबागा सांभाळल्या. परंतु पर्वत त्यांना स्वस्थ बसू देईनात. त्यांच्या लेखांमुळे लोकमत जागे झाले आणि १८९० मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या सिएरा क्लब या संस्थेचे ते अखेरपर्यंत अध्यक्ष होते. मे १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट लवाजमा मागे ठेवून तीन रात्री त्यांच्यासोबत उघड्यावर राहिले. एका रात्री तर बर्फ पडले! त्यानंतर जगप्रवासास निघालेल्या म्यूर यांनी भारतात येऊन हिमालयातील देवदारही पाहिले.

शेवटची लढाई हेच हेची दरीसाठी होती. योसेमिटी उद्यानातील या दरीत धरण बांधून सॅन फ्रान्सिस्को शहराला पाणी नेण्याची योजना होती. १९०६ च्या भूकंपाने व आगीने होरपळलेल्या शहराची गरज खोटी नव्हती. पण पाणी अन्यत्रही मिळू शकते, असे म्यूर यांचे म्हणणे होते. वृद्धापकाळात ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले. डिसेंबर १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी धरणाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. सुमारे वर्षभरानंतर, २४ डिसेंबर १९१४ रोजी, म्यूर यांचे न्यूमोनियाने निधन झाले. १९२३ मध्ये धरण पूर्ण झाले आणि हेच हेचीची कुरणे पाण्याखाली गेली.