मुक्या अक्षरांचे कोडे : जेम्स प्रिन्सेप

वर्तमानपत्रातील शब्दकोडे आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी सोडवले असेल. साध्या कोड्यात शब्दाचा अर्थ सरळ दिलेला असतो. कूट शब्दकोड्यात मात्र संकेत वरवर एक सांगतो आणि उत्तर त्याच्या आड दडलेले असते. अशा कोड्याचे उत्तर नुसते सुचून भागत नाही. ते आडव्या व उभ्या शब्दांशी जुळावे लागते आणि संकेताच्या प्रत्येक भागाचा उलगडा करून दाखवता यावा लागतो. १८३७ साली भारतात याच रीतीने एक फार मोठे कोडे सुटले. त्याची अक्षरे दगडी स्तंभांवर आणि डोंगरांतील खडकांवर कोरलेली होती. शेकडो वर्षे ती कोणालाही वाचता येत नव्हती. हे कोडे सोडवणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांचे हे चरित्र आहे.

आजच्या चंदीगडच्या आग्नेयेस, हरियाणातील यमुनानगर जिल्ह्यात टोपरा नावाचे गाव आहे. तेथे प्राचीन काळापासून एक उंच, गुळगुळीत दगडी स्तंभ उभा होता. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याची दृष्टी त्यावर पडली. तो स्तंभ दिल्लीत नेण्याचे त्याने ठरवले. कापसाच्या राशींवर स्तंभ अलगद आडवा करण्यात आला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावरून तो यमुनेपर्यंत ओढत नेला गेला आणि नावांवर लादून दिल्लीस आणला गेला. तेव्हाचा इतिहासकार शम्स-इ-सिराज अफीफ याने याचे वर्णन केले आहे. स्तंभावर काय लिहिले आहे, हे जाणण्यासाठी सुलतानाने विद्वानांना बोलावले. परंतु कोणालाही ती लिपी वाचता आली नाही. हा स्तंभ फिरोजशाहच हलवील असे त्यावर लिहिले आहे, असेही म्हणे काही जणांनी सांगितले. ऐकणाऱ्याला आवडेल असे उत्तर देणे सोपे असते. त्या उत्तराला आधार मात्र कोणताच नव्हता.

जेम्स प्रिन्सेप यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. त्यांचे वडील जॉन प्रिन्सेप तरुणपणी जवळजवळ रिकाम्या हाताने भारतात आले होते. नीळीच्या व्यवसायात त्यांनी पुष्कळ धन मिळवले. पुढे त्यातील बरेचसे गमावलेही. घरात मुले अनेक होती. जेम्स यांचा हात चित्रकलेत चांगला होता, म्हणून त्यांना वास्तुशास्त्राच्या शिक्षणासाठी पाठवण्यात आले. परंतु डोळ्यांच्या विकारामुळे ते शिक्षण सोडावे लागले. तेव्हा वडिलांनी त्यांना धातूंची पारख करण्याचे शास्त्र शिकवण्याची व्यवस्था केली. ज्याने पुढे झिजलेली, पुसट अक्षरे वाचली, त्याचा पहिला मार्ग दृष्टीच्या दोषामुळेच बंद झाला होता.

१८१९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, प्रिन्सेप कलकत्त्याच्या टांकसाळीत नोकरीस लागले. नाण्यात शुद्ध चांदी किती व हीण किती, हे तपासणे हे त्यांचे काम होते. या कामात अंदाजाला जागा नसते. वजनातील केसाएवढा फरकही लक्षात घ्यावा लागतो. ही सवय त्यांच्या अंगी कायमची मुरली. लवकरच त्यांची बदली बनारसच्या टांकसाळीत झाली. तेथे सुमारे दहा वर्षे राहून त्यांनी शहराचा नकाशा तयार केला, घाटांची व मंदिरांची चित्रे काढली, साचलेल्या पाण्याच्या निचऱ्यासाठी भुयारी मार्ग बांधला आणि कर्मनाशा नदीवर पूल उभारला. १८३० मध्ये ते कलकत्त्यास परतले. १८३५ साली कंपनीच्या मुलखात एकाच वजनाचा चांदीचा रुपया सुरू झाला. वजने व नाणी यांच्या या सुधारणेत प्रिन्सेप यांचा मोठा वाटा होता.

कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. १८३२ पासून ते तिच्या नियतकालिकाचे संपादनही करीत होते. ठिकठिकाणचे अधिकारी आणि विद्वान त्यांच्याकडे जुनी नाणी व शिलालेखांचे ठसे पाठवू लागले. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांच्याकडून गिरनारच्या खडकावरील लेखाची प्रत आली. दिल्ली, अलाहाबाद आणि बिहार येथील स्तंभांवरील लेखांच्या प्रती शेजारी शेजारी ठेवताच प्रिन्सेप यांच्या लक्षात आले, की त्यांतील मजकूर बराचसा एकच आहे. म्हणजे तो कोणा एका गावापुरता नव्हता. कोणीतरी तो दूरदूरच्या प्रदेशांत मुद्दाम कोरवून घेतला होता.

१८३४ मध्ये त्यांनी अलाहाबादच्या लेखातील अक्षरांची मोजणी सुरू केली. कोणते चिन्ह किती वेळा येते, त्याला कोणकोणत्या रेघा जोडलेल्या दिसतात, याचे त्यांनी कोष्टक मांडले. एकाच अक्षराला वेगवेगळ्या लहान रेघा जोडल्या जात होत्या. आपल्या बाराखडीत काना, मात्रा, वेलांटी लागतात, तसाच हा प्रकार होता. त्यावरून ही लिपी आजच्या भारतीय लिप्यांच्या कुळातील असावी, हे स्पष्ट झाले. १८३६ मध्ये ख्रिश्चन लासेन या विद्वानाने ग्रीक व भारतीय अशा दोन लिप्यांतील नाण्यावरून काही अक्षरे ओळखली. तरीही लेख बोलू लागले नाहीत.

कोड्याची किल्ली मिळाली ती सांचीच्या स्तूपाजवळ. कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी १८३७ मध्ये तेथील दगडी कठड्यांवरील लहान लहान लेखांचे ठसे पाठवले. राजाच्या लांबलचक आज्ञांच्या मानाने हे लेख अगदीच क्षुल्लक दिसत होते. एखाद्या ओळीचेच ते होते. परंतु छापण्यासाठी त्यांची मांडणी करताना प्रिन्सेप यांना दिसले, की जवळजवळ प्रत्येक लेखाचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. त्यांनी स्वतःलाच प्रश्न केला : एकाच पवित्र स्थळी, वेगवेगळ्या खांबांवर, इतक्या लोकांनी काय बरे लिहिले असेल? भाविक लोक देवस्थानाला खांब किंवा फरशी देतात आणि त्यावर आपले नाव कोरवतात. आपल्या गावच्या मंदिरातील पायऱ्यांवर व घंटांवर आजही अशी नावे दिसतात. तर मग ते दोन अक्षरांचे शब्द ‘दानं’ असेल काय? पहिल्या अक्षराला कान्यासारखी रेघ होती आणि दुसऱ्याजवळ अनुस्वाराचा ठिपका होता. दोन्ही खुणा जुळल्या. ‘द’ आणि ‘न’ ही अक्षरे हाती आली. त्या शब्दाच्या आधी बहुधा एक ठरावीक अक्षर येत होते. ते ‘स’ होते. प्राकृत भाषेत त्याचा अर्थ ‘चा, ची, चे’ असा होतो. म्हणजे प्रत्येक ओळीचा साचा असा झाला : अमुक व्यक्तीचे दान.

यानंतर कोडे झपाट्याने सुटत गेले. एका शब्दातील ओळखलेले अक्षर दुसऱ्या शब्दात बसू लागले आणि तेथील अर्थ जुळला की पहिल्या उत्तराची खात्री पटू लागली. थोड्याच आठवड्यांत टोपऱ्याहून दिल्लीस आलेला स्तंभ प्रिन्सेप यांना वाचता आला. भाषा संस्कृत नव्हती. ती लोकांच्या बोलण्यातील प्राकृत होती. अर्थ लावण्याच्या कामी पाली जाणणारे सिंहली गृहस्थ रत्नपाल आणि संस्कृत पंडित कमलाकांत विद्यालंकार यांचे साहाय्य झाले. स्वतःला देवांचा प्रिय म्हणवणारा प्रियदर्शी नावाचा राजा प्रजेला दया, सत्य आणि संयम यांचा उपदेश करीत होता. वाटेवर वडाची झाडे लावल्याचे आणि विहिरी खोदल्याचे सांगत होता.

पण हा प्रियदर्शी होता तरी कोण? येथे प्रिन्सेप यांची चूक झाली. सिंहलद्वीपात तशाच पदवीचा एक राजा होऊन गेला होता. तोच हा असावा, असे त्यांनी लिहिले. सिंहलद्वीपात अधिकारी असलेले जॉर्ज टर्नर यांनी तेथील जुन्या पाली ग्रंथांत शोध घेतला. प्रियदर्शी हे चंद्रगुप्त मौर्याच्या नातवाचे, म्हणजे अशोकाचे नाव असल्याचे त्यांना आढळले. प्रिन्सेप यांनी आपल्या मताचा हट्ट धरला नाही, दुरुस्ती स्वीकारली. ते आपला प्रत्येक तर्क व त्यामागील कारण नियतकालिकात छापत असत. म्हणूनच त्यांची चूक दुसऱ्याला शोधता आली. पुढे गिरनारच्या लेखात त्यांना अंतियोक व तुरमाय ही ग्रीक राजांची नावे सापडली. त्या राजांचा काळ ठाऊक असल्याने अशोकाचा काळही निश्चित करता आला.

दिवसा टांकसाळ, रात्री लेखवाचन, शिवाय संपादन व पत्रव्यवहार असा श्रम प्रिन्सेप यांच्या शरीराला सोसला नाही. १८३८ मध्ये त्यांना असह्य डोकेदुखी सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना इंग्लंडला नेण्यात आले. परंतु त्यांची बुद्धी मंदावत गेली. जगातील एका अवघड लिपीचा उलगडा करणारे हे मन स्वतःच मिटत गेले. २२ एप्रिल १८४० रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कलकत्त्याच्या लोकांनी हुगळीच्या काठी त्यांच्या स्मरणार्थ बांधलेला प्रिन्सेप घाट आजही उभा आहे.

त्यांनी उलगडलेल्या लिपीला आज आपण ब्राह्मी म्हणतो. तिच्या ज्ञानामुळे महाराष्ट्रातील नाणेघाट, कार्ले व नाशिक येथील लेण्यांचे लेख वाचता आले. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मुंबईजवळच्या सोपारा येथे अशोकाच्या आज्ञेचा तुकडा सापडला. १९१५ मध्ये कर्नाटकातील मस्की येथील लेखात प्रत्यक्ष अशोक हे नाव मिळाले आणि टर्नर यांच्या उत्तरावर शिक्कामोर्तब झाले.

राजाच्या भव्य स्तंभाचे रहस्य उलगडले ते सामान्य भाविकांच्या एका ओळीच्या लेखांमुळे. ज्या ज्ञानाची किल्ली लहान माणसांच्या हाती असते, त्याकडे धीराने पाहणारा एखादाच असतो. प्रिन्सेप तसे होते.

शब्दार्थ
टांकसाळ – नाणी पाडण्याचा कारखाना
हीण – मौल्यवान धातूत मिसळलेला हलका धातू
ठसा – कोरीव अक्षरांवरून घेतलेली नक्कल
उलगडा – गूढ गोष्टीचे स्पष्टीकरण

विचार करा आणि लिहा
१. फिरोजशाहला मिळालेले उत्तर आणि प्रिन्सेप यांनी शोधलेले उत्तर यांत कोणता फरक होता?
२. ‘दानं’ हा शब्द प्रिन्सेप यांनी कोणकोणत्या खुणांवरून ओळखला?
३. आपल्या गावातील मंदिर, विहीर किंवा वेस यांवर कोरलेला एखादा लेख पाहा. तो कोणी व कशासाठी कोरवला असेल, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.