सर फिरोजशहा मेहता आणि मुंबईच्या नगरशासनाची पुनर्रचना

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रशासनातील सुधारणांचा विचार करताना सर फिरोजशहा मेहता यांच्या जीवनकार्याचा परिचय आवश्यक ठरतो. त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी संपादन केल्यावर ते इंग्लंडला गेले आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले.

त्या वेळी मुंबईचा कारभार १८६५ च्या कायद्यानुसार चालत असे. सरकारनियुक्त जस्टिसांचे मंडळ नावापुरते वरिष्ठ होते. प्रत्यक्ष सत्ता पालिका आयुक्ताच्या हाती एकवटली होती. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शहराच्या आरोग्याकडे व मंडयांकडे लक्ष पुरविले. परंतु खर्चावर अंकुश न राहिल्याने तिजोरीवर ताण पडला. करदाते संतप्त झाले आणि १८७१ मध्ये मोठे आंदोलन उभे राहिले. आयुक्ताची सत्ता काढून ती एखाद्या मंडळाकडे द्यावी, असा अनेकांचा आग्रह होता.

सव्वीस वर्षांच्या मेहता यांनी या प्रश्नावर व्याख्यान देऊन वेगळी भूमिका मांडली. क्रॉफर्ड यांच्या कार्याची त्यांनी कदर केली. दोष व्यक्तीपेक्षा व्यवस्थेत आहे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी; मात्र त्याच्यावर व शहराच्या पैशावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचे नियंत्रण असावे, असे त्यांनी सुचविले. लोकक्षोभाच्या ऐन भरात मांडलेले हे मत अनेकांना रुचले नाही.

पुढे १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची पालिका अस्तित्वात आली. त्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडावयाचे होते. १८८८ च्या कायद्याचे विधेयक प्रांतिक विधिमंडळात आले, तेव्हा त्यातील पालिकेचे अधिकार आकसणारी कलमे बदलून घेण्यासाठी मेहता आणि न्यायपंडित काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी परिश्रम घेतले. या कायद्याने सदस्यसंख्या ७२ झाली. मेहता यांनी पालिकेचे अध्यक्षपद १८८४, १८८५ आणि १९०५ या वर्षी भूषविले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

या सुधारणेची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. मताधिकार विशिष्ट कर भरणाऱ्यांपुरता होता; शहर ज्यांच्या श्रमावर उभे होते तो गिरणी कामगार त्याबाहेरच राहिला. तथापि आयुक्ताकडे अंमलबजावणी आणि निर्वाचित सभेकडे नियंत्रण ही विभागणी टिकून राहिली. अनेक दुरुस्त्यांसह १८८८ चाच कायदा मुंबईत आजही लागू आहे. अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांच्यातील वादाची बातमी वाचताना दोष व्यक्तीचा की रचनेचा, हा मेहता यांचा प्रश्न विद्यार्थ्यांनी प्रथम विचारावा.